मधला फर्मा कुठं गेला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला मालिकांच्या चाहत्यांवरचा लेख वाचला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेचा शेवट पटला नाही म्हणून जे रागावले, त्यांना लेखकमहाशयांनी हट्टी पोरांच्या रांगेत बसवलंय. हवं ते खेळणं मिळालं नाही की पाय आपटणारी पोरं. लेख चुरचुरीत आहे. (त्यात दोन मुद्रणदोष राहिलेत, ते वेगळ्या चिठ्ठीवर कळवले आहेत. सवय जात नाही.) पण ज्या रागाची त्यांनी टिंगल केली, तो राग कशाचा होता, हे त्यांना उमगलेलं दिसत नाही. म्हणून हे पत्र.

मी तेहतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लोक गोष्ट वाचतात, मी अक्षरं वाचायचे. शेवटी काय होतं याची उत्सुकता मला बेताचीच. पान ४० वर डावखुरा असलेला माणूस पान २१० वर उजव्या हाताने सही कशी करतो, हा प्रश्न मला आधी पडतो. मालिका बघणाऱ्यांतली तर मी नव्हेच. मुलीने बळेबळे पहिला भाग दाखवला. चौथ्या भागापासून मीच तिला ‘चल, बस’ म्हणू लागले.

पात्रं इतकी, की मी एक वही घातली. तिच्यात तीन रकाने: कोण कुठे आहे, कुणाबरोबर आहे, आणि त्याला काय काय ठाऊक आहे. यातला तिसरा रकाना महत्त्वाचा. या गोष्टीत माणसं तलवारीने मरतात त्याहून जास्त, दुसऱ्याला काय ठाऊक आहे ते न कळल्यामुळे मरतात. मुलगी हसायची. नंतर नंतर मात्र ‘आई, हा कोण गं?’ असं विचारायला तीच वहीकडे यायची.

पहिल्याच भागात राजाचा लवाजमा राजधानीहून उत्तरेला विंटरफेलला येतो. राजाला उतरल्या उतरल्या तळघरातल्या समाधीकडे जायचं असतं. राणी फणकारते: महिनाभर प्रवास करतोय, मेलेली माणसं थांबतील की थोडी. मी वहीत लिहिलं, ‘राजधानी ते विंटरफेल, एक महिना.’ पुढे सहा पर्वं हा हिशेब बऱ्यापैकी जुळत राहिला. माणसं चालायची, थकायची, वाटेत भांडायची, एकमेकांना ओळखू लागायची. या मालिकेतली निम्मी गोष्ट रस्त्यावर घडते, हे मला वही चाळतानाच कळलं.

मग सातवं पर्व आलं. मंडळी राज्याच्या उत्तर टोकाच्या बर्फाच्या भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यात एका खडकावर अडकलेली. त्यांच्यातला एक जण पळत भिंतीपाशी पोचतो. तिथून कावळा उडतो तो समुद्रातल्या ड्रॅगनस्टोन बेटावर. तिथे निरोप मिळतो, आणि सिंहासनावर हक्क सांगणारी डेनेरिस ड्रॅगनवर बसून मदतीला हजर. तोवर खडकावरची मंडळी आपली कुडकुडत बसलेली, जेमतेम एखादी रात्र सरल्यासारखी. मी समासात प्रश्नचिन्ह काढलं. आमच्या धंद्यात त्या खुणेचा अर्थ ‘लेखकास विचारावे’. मजकुराला हात लावायचा हक्क आम्हाला नसतो, विचारायचा मात्र असतो. त्या भागापासून पुढे माझ्या वहीत मजकूर कमी आणि समासात प्रश्नचिन्हं जास्त, असं होत गेलं.

आकडे पाहा. १७ एप्रिल २०११ ते १९ मे २०१९. एकूण ७३ भाग. पहिली सहा पर्वं दहा-दहा भागांची, सातवं सात भागांचं, आठवं सहाच भागांचं. शेवटचे काही भाग लांबीला मोठे होते, हे मान्य. पण गोष्ट आवरायची सर्वांत जास्त गरज तिथेच होती, आणि कात्री लागली तीही तिथेच. एचबीओ वाहिनी आणखी भाग द्यायला तयार होती. कर्ते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी मात्र इतक्यातच संपवायचं ठरवलं होतं. तो त्यांचा अधिकार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. अधिकार आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकंच.

आता एक छापखान्यातली गोष्ट सांगते, म्हणजे माझं म्हणणं नीट कळेल.

पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत, हे आपल्याला मी सांगायला नको. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, घड्या घालतात, तो झाला फर्मा. फर्मे ओळीने जुळवायचे, शिवायचे, वर पुठ्ठा. जुळवणाऱ्याचा हात एखाद्या ढिगावरून चुकून पुढे सरकला की त्या प्रतीत एक फर्मा येतच नाही. पान ११२ नंतर थेट १२९. बाहेरून पुस्तक अगदी साजरं दिसतं. मुखपृष्ठ आहे, शेवटचं पान आहे, ‘समाप्त’सुद्धा आहे.

असं एक पुस्तक घेऊन एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. कादंबरी होती. त्यात एक सज्जन मास्तर शेवटी खुनी निघतो. गृहस्थ संतापलेले. आमचे मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘साहेब, शेवट तर आहे ना तुमच्या प्रतीत?’ ते म्हणाले, ‘शेवट कळला हो मला. खून त्यानेच केला, ते ठीक आहे. त्याने तो का केला, ते कुठं छापलंय?’

मॅनेजर गप्प झाले. मी गोदामातून तेवढाच एक फर्मा शोधून आणला, न शिवलेला, नुसता घडी घातलेला. गृहस्थ दारातल्या बाकड्यावर बसले, खिशातल्या पेन्सिलीने पानांच्या कडा फाडल्या आणि सोळाच्या सोळा पानं तिथेच वाचून काढली. उठताना मला म्हणाले, ‘आता बरोबर आहे.’ पुस्तक बदलून न्या म्हटलं तर नको म्हणाले. तो सुटा फर्मा आत घालून, पुस्तक काखेत मारून निघून गेले.

‘गेम ऑफ थ्रोन्स’चे रागावलेले चाहते म्हणजे ते बाकड्यावरचे गृहस्थ. आपल्या लेखकांना ते फक्त दारात आरडाओरडा करताना दिसले.

डेनेरिसचंच घ्या. सगळ्यात जास्त गहजब तिच्यावरूनच झाला. लाडकी नायिका खलनायिका झाली म्हणून लोक चिडले, असं लेखात म्हटलंय. तसे चिडलेलेही असतील. जगभर लोकांनी आपल्या मुलींची नावं ‘खलीसी’ (ही डेनेरिसची पदवी) ठेवली होती, त्या घरांत काय झालं असेल ते असो. पण माझी वही सांगते की ती बाई तशी होणार याच्या खुणा आधीपासून होत्या. पहिल्या पर्वात तिच्या सख्ख्या भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओततात आणि ती पापणी न लववता बघते. मीरीन शहराच्या वाटेवर गुलामांच्या मालकांनी १६३ मुलं खिळ्यांनी ठोकलेली सापडतात, तर ती मोजून १६३ मालक ठोकते. कोण दोषी, कोण निर्दोष, विचारत नाही. सातव्या पर्वात गुडघा टेकत नाहीत म्हणून बापलेकांना ड्रॅगनकडून जाळते. तेव्हा मास्तर खुनी निघाला, याला माझी हरकत नाही.

हरकत पुढच्या गोष्टीला आहे. आठव्या पर्वात राजधानीचं शहर तिला शरण आलंय, घंटा वाजताहेत, लढाई जिंकलेली आहे. ती ड्रॅगनवर, तटावर बसलेली. कॅमेरा काही क्षण तिच्या चेहऱ्यावर थांबतो. ओठ थरथरतात, डोळ्यांत काहीतरी उसळतं. मग ड्रॅगन झेपावतो आणि बायकापोरांनी भरलेल्या गल्ल्या पेटतात. त्यानंतर तो भाग संपेपर्यंत तिचा चेहरा पुन्हा दिसत नाही! मी रिमोट घेऊन परत पाहिलं, खात्री करून घेतली. वरून आग येते, ड्रॅगनचं पोट दिसतं, पळणारी माणसं दिसतात. जिच्या मनात काय चाललंय ते कळावं म्हणून आपण आठ वर्षं बसलो, नेमका तिचाच चेहरा काढून घेतला. पान ११२, की थेट १२९.

आणखी एक. त्याच्या आधीच्या भागात शत्रूचं आरमार दबा धरून बसतं आणि तिचा एक ड्रॅगन मारतं. हे तिला आकाशातून दिसलं कसं नाही? भागानंतरच्या गप्पांत बेनिऑफ यांनी सांगितलं की, त्या आरमाराचा डेनेरिसला जरा विसर पडला होता. विसर पडला! यावर जगभर थट्टा झाली. मी मात्र हसले नाही. ‘कुणाला काय ठाऊक आहे’ हा माझा तिसरा रकाना तिथेच बंद झाला. सत्तर भाग ज्या गोष्टीत एकेक बातमी माणसाचा जीव घ्यायची, तिथे आता सेनापती आरमार विसरू लागली.

आता दुसरी बाजू. कारण चाहत्यांची वकिली करायला मी बसलेले नाही.

आठवं पर्व नव्याने, ‘सक्षम लेखकां’कडून लिहून घेऊन पुन्हा बनवा, अशी एक याचिका निघाली आणि तिच्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यातली एक माझ्या मुलीची. ‘तूही कर ना आई, सगळ्यात जास्त चुका तूच काढल्यास.’ मी नाही म्हटलं. छापून बाजारात गेलेल्या पुस्तकाचं प्रूफ वाचत नसतात. ती म्हणाली, ‘मग अजून वहीत प्रश्नचिन्हं कशाला काढत बसतेस?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोन दिवस आमच्यात या विषयावर अबोला होता.

त्या दोन दिवसांत सुचलं ते असं. ५ मे २०१९ च्या भागात विंटरफेलच्या मेजवानीत डेनेरिसच्या पुढ्यात कॉफीचा कागदी कप राहून गेला होता. आपल्या वाचकांना आठवत असेल, हसूनहसून लोक बेजार झाले होते. वाहिनीने दोन दिवसांत तो कप पुसून टाकला. डेनेरिसने खरं तर काढा मागवला होता, कॉफी चुकून आली, अशी स्वतःवरच कोटीही केली. हा झाला मुद्रणदोष. असा दोष कुणाच्याही नजरेतून सुटतो, माझ्याही सुटलाय. शुद्धिपत्र छापलं की भागतं. याचिकेवर सही करणाऱ्यांनी शेवटालाही कपच समजून घेतलं. पुसा आणि दुसरा लावा. पण न लिहिलेल्या पानांचं शुद्धिपत्र निघत नाही.

लेखकाने लोकांचं ऐकून शेवट बदलल्याचे दाखले नाहीत असं नाही. चार्ल्स डिकन्सने १८६१ मध्ये ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट बदलला. एका लेखकमित्राने प्रुफं वाचली आणि नायक-नायिकेची अशी कायमची ताटातूट नको म्हणून गळ घातली, तेव्हा. पण लक्षात घ्या, तो प्रुफं वाचत होता. त्या वेळी छपाईचे खिळे (शिशाची अक्षरं) हलवता येत होते. आणि बदललेला शेवट चांगला की मूळचा, यावर जाणकार अजून भांडतातच, म्हणजे बदलूनही भांडण मिटलं नाही ते नाहीच.

शिवाय ते पर्व काही फक्त दोन लेखकांनी उभं केलेलं नाही. विंटरफेलच्या लढाईचं चित्रण ५५ रात्री चाललं होतं. सान्साचं काम करणाऱ्या सोफी टर्नरने याचिकेला राबलेल्या माणसांचा अनादर म्हटलं, ते मला पटलं. तो लढाईचा भाग आम्हाला धड दिसला नाही, ही गोष्ट वेगळी. मुलीने पडदे ओढले, दिवे घालवले, टीव्हीचा उजेड वाढवला, तरी काळ्या काचेत आम्हा दोघींचीच तोंडं. त्यावर छायाचित्रकाराचं म्हणणं असं की, बऱ्याच जणांना घरचा टीव्ही नीट लावता येत नाही. मला आमचा मशीनवाला आठवला. छपाई फिकी आली की तो कागदाला दोष द्यायचा.

पुढे सप्टेंबरमध्ये याच पर्वाला टीव्हीसाठीचे १२ एमी पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचाही. उत्तम कागद, उत्तम शाई, उत्तम बांधणी. त्यात खोट नव्हतीच.

मग तो फर्मा गेला कुठे? जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मूळ ग्रंथमालेतलं पहिलं पुस्तक १९९६ चं. पाचवं आलं जुलै २०११ मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी. सहाव्याची वाट लोक अजून पाहताहेत. मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. मार्टिन यांनी कर्त्यांना शेवटाकडच्या मोठ्या घटना तोंडी सांगून ठेवल्या होत्या. म्हणजे यांच्या हातात शेवटचं पान होतं, आणि तिथवर नेणारी पानं जगात कुठेच नव्हती. आमच्या गृहस्थांना मी गोदामातून फर्मा काढून देऊ शकले, कारण तो छापलेला होता. इथे तो जुळाऱ्याकडे गेलेलाच नाही. याचिका करायची तर कुणाकडे? मजकूर आला नाही म्हणून लेखकाच्या दारात ठिय्या देणारे प्रकाशक मी पाहिलेत. मजकूर त्याने आलेला पाहिला नाही.

कर्त्यांना ती पानं लिहिताच येत नव्हती, असंही मला म्हणवत नाही. त्याच आठव्या पर्वाचा दुसरा भाग बघा. उद्या सगळे मरणार या खात्रीने माणसं शेकोटीभोवती बसलेली. कुणाला घाई नाही. बोलता बोलता विषय निघतो, बाईमाणसाला सरदारकी देत नाहीत. जेमी हा सरदार उठतो, तलवार उपसतो, ब्रिएन या लढवय्या बाईला गुडघ्यावर बसवतो आणि तिला सरदार करतो. ती उठते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे हसू उमटतं, ते मी आधीच्या एकाही भागात पाहिलेलं नव्हतं. त्या पानावर माझ्या वहीत एकही प्रश्नचिन्ह नाही. असे आणखी चार भाग असते, तर मी आज हे पत्र लिहीत बसले नसते.

शेवटच्या भागात दोन पुस्तकं आहेत. मुद्रितशोधकाला ती दिसल्यावाचून कशी राहतील? एक, राजाच्या अंगरक्षकांची नोंदवही. ब्रिएन तिच्यात जेमीचं अर्धवट राहिलेलं पान स्वतःच्या हाताने पुरं करते. त्याने तिला दिलेल्या दुःखाचं एक अक्षर त्यात नाही. शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबतो, मग ‘राणीचं रक्षण करताना मेला’ असं लिहून मोकळी होते. आणि शाई वाळायची वाट न बघता पुस्तक मिटते! मी ‘अगं, थांब’ म्हणून ओरडले. मुलगी रडत होती, तिने माझ्याकडे रागाने पाहिलं.

दुसरं पुस्तक म्हणजे या सगळ्या युद्धांचा लिहिलेला इतिहास. राज्याचा पंडित सॅम तो टिरियनपुढे ठेवतो. सगळा खेळ ज्याने आपल्या बुद्धीवर चालवला, तो टिरियन विचारतो, माझ्याबद्दल काय लिहिलंय? बरं की वाईट? सॅम चाचरतो. पुस्तकात टिरियनचं नावच नाही. विनोद म्हणून ते ठेवलं असणार. मी हसलेही. पण मुलगी पटकन म्हणाली, ‘बघ, यांच्या पुस्तकातूनसुद्धा पानं गेलीत.’ तिथे आमचा अबोला खऱ्या अर्थाने संपला.

आपल्या लेखकांच्या माहितीसाठी एवढं सांगते. हेच रागावलेले चाहते, त्याच मे महिन्यात, डेनेरिसचं काम करणाऱ्या एमिलिया क्लार्कच्या संस्थेसाठी वर्गणी गोळा करत होते. मालिकेच्या सुरुवातीच्या वर्षांत तिच्या मेंदूवर दोनदा शस्त्रक्रिया झाली. अशाच आजारातून उठलेल्यांसाठी तिने ती संस्था काढली. लेखणी चुकली म्हणून चिडायचं, आणि पात्रात जीव ओतणारीला हात द्यायचा, इतका फरक त्यांना कळत होता. पुढे २०२२ मध्ये त्याच राज्याच्या पूर्वजांची मालिका आली, तेव्हा ‘पुन्हा तोंड बघणार नाही’ म्हणणारे कितीतरी जण पहिल्याच रात्री हजर होते. आम्ही दोघीही. नवी वही घेऊन.

पत्र लांबलं, याची जाणीव आहे. जागेअभावी कापावं लागेल, तो आपला अधिकार. हवं तर सुरुवात कापा, शेवटही कापा, माझी हरकत नाही. मधलं मात्र राहू द्या.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक